शिडी धरणारा बोरसे

अहल्याबाईंनी गजेंद्र बोरसेला पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या व्हरांड्यात, शिडी धरून उभा असताना. १९९४ सालचा जानेवारी होता. प्रजासत्ताक दिन चार दिवसांवर आला होता आणि त्या दिवशी चौथीची पालकसभा होती. बाई वर्गात टेबलाशी बसून एकेका पालकाला बोलावत होत्या. "कोमल बोरसे" हे नाव त्यांनी तीनदा पुकारलं. कोमल समोर हजर होती, पण बापाचा पत्ता नव्हता.

"आलेत की, बाई," कोमल म्हणाली. "बाहेर आहेत."

"मग आत का येत नाहीत?"

घरच्या माणसाची एखादी खोड मुलांना माहीत असते, पण चारचौघांत सांगवत नाही, तसा तिचा चेहरा झाला. शेवटी बाईच उठून बाहेर आल्या.

शाळेचे शिपाई श्रीपतराव जुन्या लाकडी शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून पताकांची दोरी बांधत होते. खालची फरशी पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेली. शिडीच्या बुडाशी एक सावळा, काटक माणूस इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. एक पाय त्यानं शिडीच्या खालच्या पायरीवर रोवला होता, दोन्ही हातांनी शिडी धरली होती आणि नजर वर लावली होती.

"तुम्ही कोमलचे वडील?"

"हो, बाई."

"मी तीनदा हाक मारली."

"तिन्ही ऐकल्या," तो वर बघतच म्हणाला. "हे काका उतरले की येतो."

वरून श्रीपतराव करवादले, "बाई, याला आधी आत न्या हो! वीस वर्षं मी या शिडीवर चढतोय. कोण कुठला पाहुणा, मघापासून मला गणपतीच्या मूर्तीसारखा सांभाळतोय!"

"वीस वर्षांत सरकली नाही हे शिडीचे उपकार, काका," खालचा माणूस शांतपणे म्हणाला. "बांधा तुम्ही निवांत."

श्रीपतरावांनी मग मुद्दाम उरलेल्या दोन गाठींना सहा गाठींचा वेळ लावला. तो हलला नाही. काका जमिनीवर आले तेव्हा त्यानं शिडी उचलून भिंतीकडेला आडवी निजवली, हात झटकले आणि वर्गात येऊन मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. मुलीचं गणित चांगलं आहे आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, हे त्यानं सारख्याच गंभीरपणे ऐकून घेतलं, हात जोडले आणि गेला. बाईंना तोवर नोकरीत बावीस वर्षं झाली होती. भांडणारे, रडणारे, मुलाचं नावही नीट न आठवणारे, असे नाना तऱ्हेचे पालक त्यांनी पाहिले होते. हा त्यांच्या लक्षात राहिला.

बोरसे कुटुंब बडोद्याच्या जुन्या वस्तीत, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत भाड्याच्या एका खोलीत राहत होतं, बाईंच्या घरापासून दोन वळणांवर. त्यामुळे पुढची माहिती आपोआप मिळत गेली. काही कोमलकडून, काही तिची आई मंदा हिच्याकडून, भाजीच्या हातगाडीपाशी, इथल्या भाषेत लारीपाशी. गजेंद्र मूळचा अमळनेरकडचा. बडोद्याला आला तो पालख बांधायच्या कामावर. उंच टाकी, उंच चिमणी, काही बांधायचं वा दुरुस्त करायचं असलं की तिच्याभोवती आधी पाइपांचा आणि फळ्यांचा सांगाडा उभा करावा लागतो. त्याला इथं सगळे पालख म्हणतात. काम करणारे नंतर चढतात. पालखवाले सगळ्यांत आधी चढतात आणि सगळ्यांत शेवटी उतरतात, कारण ती सोडवायचीही त्यांनीच.

ती वर्षं शहराबाहेर वाघोडियाच्या बाजूला नवनवे कारखाने उभे राहण्याची होती. त्यातल्या एका परदेशी भागीदारीच्या कारखान्यात, कंत्राटदाराच्या हाताखाली, गजेंद्र चौदा माणसांच्या टोळीचा मुकादम होता. बाहेरच्या साहेबांनी तिथं नियम आणला: दोन मीटरच्या वर जो चढेल त्यानं कमरेला पट्टा बांधायचा, आणि पट्ट्याच्या दोराचा आकडा मजबूत ठिकाणी अडकवायचा. कंत्राटदारानं पट्टे आणले. माणसांनी ते बांधलेही. पण खाली साहेबाची पांढरी टोपी दिसली की आकडा अडकायचा, आणि टोपी वळली की सुटून पुन्हा कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यासारखा लटकायचा.

गजेंद्रनं मात्र तो नियम जिवाला लावून घेतला, कारण टोळीतला चौदावा माणूस सुभाष होता.

सुभाष म्हणजे मंदाचा धाकटा भाऊ. गावाकडे काम नव्हतं म्हणून गजेंद्रनं त्याला आणलं. निघताना अमळनेरच्या एसटी स्टँडवर सासूबाई, रखमाबाई, जावयाचा हात धरून म्हणाल्या होत्या, "जसा नेताय तसा परत आणा, जावईबापू. एक बोट कमी असलं तरी मी मोजून घेईन." गजेंद्र 'हो' म्हणाला होता. एसटी स्टँडवरची वचनं बहुतेक माणसं गाडी सुटेपर्यंत पाळतात. हा गृहस्थ ते वचन रोज पाइपाबरोबर खांद्यावर घेऊन चढायचा.

सुभाष तेवीसचा, हलका, चपळ. उभ्या पाइपावर असा चढायचा की खालचे गुजराती कामगार काम थांबवून बघायचे. त्याला पट्ट्याचा राग होता.

"दाजी, माकडाला कुणी दोर बांधतं का?"

"मदारी बांधतो," गजेंद्र म्हणायचा. "म्हणून तर मदाऱ्याचं माकड म्हातारं होतं."

त्यानं एक पद्धतच पाडली. टोळी वर जाऊन जागा घेऊन बसली की तो मोठ्यानं विचारायचा, "अडकवलं?" मग एकेकानं "अडकवलं!" म्हणायचं. चौदा उत्तरं आल्याशिवाय पहिला पाना फिरायचा नाही. सुरुवातीला हसू झालं, शेजारच्या टोळ्यांनी नकला केल्या; आणि वर्षभरात ती सवय होऊन गेली. सुभाषसुद्धा उत्तर देऊ लागला. एकदा भाजीच्या लारीपाशी गजेंद्रनं बाईंना अभिमानानं सांगितलं, "आता झोपेत विचारलं तरी 'अडकवलं' म्हणतो." बाईंनाही बरं वाटलं. सगळ्या वर्गाचं उत्तर एका सुरात आलं की कुठल्या शिक्षकाला बरं वाटत नाही?

१९९५च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, सुभाष पडला.

एका उंच टाकीची पालख सोडवायचं काम होतं. गजेंद्रनं विचारलं, "अडकवलं?" चौदा उत्तरं आली. सुभाषचंही आलं, आणि ते खरं होतं. त्यानं आकडा अडकवला होता. पण ज्या आडव्या पाइपाला अडकवला होता, तोच त्याला सोडवायचा होता. पाइप जखडून ठेवणारा एक क्लँप सोडला, दुसरा सोडला, पाइप घसरला आणि आपल्याबरोबर त्यालाही घेऊन गेला. खालच्या टप्प्यावरच्या फळ्या गजेंद्रनं अजून काढू दिल्या नव्हत्या, म्हणून तो बारा फुटांवर अडला. तरी डाव्या टाचेच्या हाडाचे तुकडे झाले.

रखमाबाई दुसऱ्या दिवशी गावाहून आल्या. मुलाच्या खाटेशी बसल्या, पांघरूण सारलं आणि खरोखरच बोटं मोजली. आधी हातांची, मग पायांची. "वीस आहेत," त्या म्हणाल्या. जावयाकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं गजेंद्रला वाटलं.

मंदानं तर नवऱ्याशी बोलणंच सोडलं. स्वयंपाक व्हायचा, ताट वाढलं जायचं, डबा भरला जायचा. शब्द तेवढा नाही. सहावीतली कोमल एके दिवशी मधल्या सुट्टीत बाईंना म्हणाली, "बाई, आमच्या घरी टेलिफोन आलाय."

"अरे वा! कधी?"

"मीच आहे. आई म्हणते, 'कोमल, तुझ्या बापाला सांग, भात संपलाय.' बाबा समोरच बसलेले असतात. मग ते म्हणतात, 'कोमल, तुझ्या आईला सांग, पोट भरलंय.'"

बाईंनी हसू दाबलं. मग त्यांना फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी गजेंद्र त्यांच्या घरी आला. आत बसला नाही, ओट्याच्या पायरीवरच टेकला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "बाई, एक विचारू? पोरं उत्तर पाठ करतात, बराबर म्हणून दाखवतात, पण समजलेलं काहीच नसतं. तेव्हा तुम्ही काय करता?"

बाईंना सगळी हकिगत ठाऊक होती. प्रश्न कुणाबद्दलचा आहे हेही कळलं.

"मी 'अडकवलं का' एवढंच विचारत राहिलो," तो म्हणाला. "'कशाला' ते कधी विचारलंच नाही. त्यानं माझं ऐकलं, बाई. ऐकत नव्हता तेव्हा एकदाही पडला नाही."

यावर सांत्वनाचं बोलता आलं असतं. पण समोरच्यानं प्रश्न विचारला होता, आणि बाई प्रश्नाला उत्तर देणाऱ्या होत्या. "मी फळ्यावर मुद्दाम चूक करते," त्या म्हणाल्या. "गणित सोडवताना मध्येच हातचा विसरते. ज्याला समजलंय त्याचा हात वर येतो. ज्यानं पाठ केलंय तो निमूट उतरवून घेतो. दोन दिवसांत कळतं कोण कुठं आहे. आणि पोरांना बाईंची चूक पकडण्यासारखी गोडी कशातच नसते."

गजेंद्रनं टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला.

पुढच्या सोमवारपासून वाघोडियाला त्याची शाळा सुरू झाली. एका गोणीत त्यानं माणसाच्या वजनाची वाळू भरली, तिला सुभाषचा जुना शर्ट चढवला आणि कमरेला पट्टा बांधला. टोळीनं तिचं नाव वाळूशेठ ठेवलं. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी गजेंद्र वाळूशेठला पालखेवर कुठंतरी बसवायचा आणि आकडा चुकीच्या जागी अडकवायचा. कधी गंजलेल्या पाइपाला, कधी पायाच्या खाली, कधी दोर इतका लांब सोडून की तो ताणला जाण्याआधी जमीन लागावी. टोळीनं चूक शोधायची. नाही सापडली तर वाळूशेठला ढकलून दाखवायचं. तो धप्प आवाज दोनदा ऐकल्यावर पेंगणारेही जागे झाले. ज्याला चूक सापडेल त्याला गजेंद्रकडून फाफडा. शेजारच्या टोळ्यांतली माणसं, आधी नकला करणारी, आता सकाळी येऊन आजची चूक कोणती ते विचारू लागली, "गजाभाई, आजे शुं भूल छे?"

"तेच तर तुम्ही सांगायचं," गजेंद्र म्हणायचा. वर्षाच्या आत कारखान्यानं त्याला कंत्राटदाराकडून आपल्याकडे घेतलं. उंचावर चढणाऱ्या प्रत्येकाच्या परवानगीच्या चिठ्ठीवर आता त्याची सही लागायची.

फक्त एका चिठ्ठीवर तो सही करत नव्हता. चार महिन्यांनी सुभाषचा पाय बरा झाला. जरासा लंगडायचा, पण चढायला येत होतं, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. गजेंद्रनं त्याला खाली स्टोअरमध्ये बसवलं होतं, पट्टे, पाने आणि नटबोल्ट यांची देवघेव करायला. सुभाष दर महिन्याला चिठ्ठी घेऊन यायचा.

"नाही," गजेंद्र म्हणायचा.

"सकाळची चूक सगळ्यांच्या आधी कोण सांगतं, दाजी?"

"तू."

"मग?"

"तुझी बहीण बोलत नाही माझ्याशी. आणखी काय घालवू?"

"आईला दिलेला शब्द पाळायला तुम्ही मला गोणीत भरून ठेवलंय," सुभाष एकदा चिडून म्हणाला. "वाळूशेठला तरी रोज वर नेता!"

हे भांडणही टेलिफोनवरून मंदाच्या कानी जायचं आणि बाईंच्याही. बाईंना दोघांचं पटायचं. घाबरून मुलाला पोहायला न सोडणारी आईही त्यांनी पाहिली होती आणि पाण्याकडे पाहत झुरणारा मुलगाही.

१९९६च्या सप्टेंबरात कारखाना दुरुस्तीसाठी दहा दिवस बंद होता. अशा वेळी एकाच जागी दहा टोळ्या काम करतात आणि प्रत्येकाला घाई असते. नवव्या दिवशी दुपारी, एका लोखंडी सज्ज्याच्या पलीकडचा क्लँप गंजून बसला होता. दोघांना तो सुटेना. गजेंद्र म्हणाला, "द्या इकडे पाना," आणि स्वतः चढला. सज्ज्याच्या कठड्याला आकडा अडकवला, एक पाय कडेबाहेर टाकून झुकला आणि पान्यावर जोर देणार, इतक्यात खालून आवाज आला.

"दाजी! हलू नका!"

स्टोअरच्या दारात सुभाष उभा होता. हातात पत्र्याचा डबा.

"ज्या कठड्याला अडकवलंय ना," तो ओरडला, "त्याचे चारही बोल्ट माझ्या डब्यात आहेत!"

आदल्या दिवशी त्या सज्ज्यावरून एक मोटर खाली उतरवली होती. त्यासाठी कठड्याचे बोल्ट काढले होते, आणि काढणाऱ्यानं ते नियमाप्रमाणे स्टोअरमध्ये जमा केले होते. सुभाषनं त्यांना चिठ्ठी बांधून ठेवली होती. कठडा नुसता आपल्या जागी उभा होता, दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखा. एक जोर लागता तर कठडा, पाना आणि गजेंद्र तिघंही तीस फूट खाली आले असते.

गजेंद्रनं हळूच पाय आत घेतला. आकडा सोडला, सज्ज्यामागच्या जाड तुळईला अडकवला. खाली पंचवीस-तीस माणसं माना वर करून उभी होती. तो खाकरला आणि म्हणाला, "शाबास! बघत होतो, कुणाच्या लक्षात येतंय."

सगळे हसले. टाळ्याही पडल्या. सुभाष हसला नाही. दाजी उतरताना प्रत्येक पायरी दोन्ही हातांनी धरत होते, हे फक्त तो बघत होता.

त्या संध्याकाळी गजेंद्र पुन्हा बाईंच्या पायरीवर येऊन टेकला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही फळ्यावर मुद्दाम चुकता. कधी खरीखुरी चूक होते का हो?"

"होते की."

"मग काय म्हणता?"

बाईंनी जरा इकडेतिकडे पाहिलं. "'शाबास, बघत होते कुणाच्या लक्षात येतंय,' असं म्हणते."

गजेंद्र वर्षभरात पहिल्यांदा मोकळं हसला. बाईही हसल्या. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "पण ज्यानं पकडली त्याला नंतर एकट्याला बोलावते आणि खरं सांगते. नाहीतर त्याला वाटत राहतं, आपलंच काही चुकलं असेल."

गजेंद्र उठला. पुढचं बाईंना दुसऱ्या दिवशी कोमलनं सांगितलं, आणि टेलिफोनचं काम सुटल्यामुळे ती इतकी खूश होती की एका दमात सांगितलं. बाबा घरी आले. मामा जेवायला बसला होता. बाबा उभ्या उभ्याच म्हणाले, "सुभाष, मी मुद्दाम नव्हतं केलं. मी चुकलो होतो. तू नसतास तर मी आज घरी आलो नसतो." मामा ताटात बघत राहिला. आईची भाकरी तव्यावर करपली. ती तशीच चुलीपाशी बसून राहिली आणि मग अकरा महिन्यांनी पहिल्यांदा थेट बाबांकडे बघून बोलली.

"त्याला जाऊ द्या वर," ती म्हणाली. "त्याला दिसतं. तुम्हीच राहा खाली."

गजेंद्रनं तिचं तंतोतंत ऐकलं. दुसऱ्या दिवशी सुभाषच्या चिठ्ठीवर सही झाली. गजेंद्र त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कारखान्यात कधी वर चढला नाही; शिडीच्या बुडाशी उभा राहून वर बघत "कशाला अडकवलं?" एवढं विचारत राहिला. पुढं कमरेचे पट्टे गेले, खांद्या-मांड्यांतून घालायचे आले, एका आकड्याचे दोन झाले. वाळूशेठला प्रत्येक वेळी नवा पोशाख मिळाला. सुभाष सतरा वर्षं वर काम करून गेल्या दशकात गावी परतला. रखमाबाई तेव्हा होत्या. म्हणतात, त्यांनी पुन्हा एकदा बोटं मोजली आणि मगच जावयाला चहा दिला.

अहल्याबाईही निवृत्त होऊन बडोद्यातच गोत्रीला राहायला गेल्या, आणि योगायोगानं बोरसे कुटुंब त्यांच्याच सोसायटीत आलं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गजेंद्र सकाळी सहालाच गच्चीवर जाऊन कठड्यापासून चार हात अलीकडे दोर बांधतो. पोरं त्याला कंटाळतात आणि दोराच्या अलीकडून पतंग उडवतात.

तो आता एकाहत्तर वर्षांचा आहे. मंदानं घर घेताना तळमजल्याचंच घेतलं. सोसायटीची एकुलती एक शिडी त्याच्या ओट्यावर साखळीनं बांधलेली असते. ज्याला हवी त्याला ती मिळते, पण धरायला गजेंद्र बरोबर येतो. कुलपाची किल्ली मंदाकडे असते.